शासनाने लक्ष द्यावे, म्हणजे नेमकं कोणी?

आमच्या सोलापूरच्या विद्यापीठात सार्वजनिक धोरणावरचं एक नियतकालिक निघतं आणि त्याचं संपादन विद्यार्थी करतात, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे भित्तिपत्रक का?" भित्तिपत्रक नाही. वर्षातून एक अंक, छापील आणि संकेतस्थळावरही. लेख बाहेरून येतात, वाचले जातात, विषयातल्या जाणकारांकडे तपासायला जातात, दुरुस्तीला परत पाठवले जातात, पुन्हा येतात आणि मग छापले जातात. या सगळ्या ये-जा करणाऱ्या कागदांच्या मधोमध एम.ए.ची पोरं बसलेली असतात. पहिल्या वर्षी मी तळटीपा तपासायला होते, दुसऱ्या वर्षी कार्यकारी संपादक. हे लिहितेय ते त्या दुसऱ्या वर्षाबद्दल, म्हणजे २०२५ च्या अंकाबद्दल.

विद्यार्थ्यांनी असं नियतकालिक चालवणं जगात नवं नाही. अमेरिकेत कायद्याच्या महाविद्यालयांत ही जुनी रीत आहे. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ पासून विद्यार्थीच काढतात. आमच्या मंडळाचं वेळापत्रक मात्र एसटीच्या वेळेवर चालायचं. मी मोहोळची. एक मित्र माढ्याचा, एक मैत्रीण अक्कलकोटची, तिच्या घरी कन्नड बोलतात. एक कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीतून यायची. जानेवारी २०२४ मध्ये तिथली पहिली पंधरा हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली, त्यातलं एक तिच्या आईचं. घरी तेलुगू, आई बिड्या वळते. बाकीचे शहरातले, साखर पेठ ते जुळे सोलापूर. सल्लागार म्हणून विभागातल्या एक मॅडम. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "मी एकाही लेखाला हात लावणार नाही. सही मात्र माझी असेल, हे लक्षात ठेवून काय ते करा." याच्यापेक्षा मोठा धाक दुसरा नसतो.

लेख मागवण्याचं निवेदन बाहेर पडलं की फोन सुरू होतात. विषय काय, शब्दमर्यादा किती, हे क्वचित कोणी विचारतं. पहिला प्रश्न: "तुमचं जर्नल केअर लिस्टेड आहे का?" विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ही यादी २०१९ पासून चालवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता नियतकालिक कसं पारखायचं याचे निकष दिलेत, पारख ज्या-त्या संस्थेने करायची. आम्ही सांगायचो, "सर, यादीच बंद झाली." पलीकडून क्षणभर शांतता, आणि मग, "ते ठीक आहे, पण तुमचं होतं का त्यात?"

दुसरा प्रश्न आयएसएसएनचा. नियतकालिकाला मिळणारा हा आठ आकड्यांचा क्रमांक म्हणजे गाडीची नंबरप्लेट. गाडी कोणाची ते कळतं, गाडी चांगली चालते की नाही ते कळत नाही. भारतात तो दिल्लीच्या निस्पर या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. तरीही "आयएसएसएन मान्यताप्राप्त" असं मुखपृष्ठावर ठळक छापणारी नियतकालिकं आहेत आणि ते वाचून दोन-तीन हजार रुपये भरणारे लेखकही आहेत. आमच्याकडे लेख छापायला पैसे घेत नाहीत म्हटल्यावर काहींचा विश्वासच उडायचा. फुकट छापतात म्हणजे काहीतरी गडबड असणार! शिवाय पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलेला असणं आयोगाने २०२२ च्या नियमांत सक्तीचं ठेवलेलं नाही. पण मार्गदर्शक सांगतात म्हटल्यावर पोरं लेख पाठवतातच.

त्यामुळे आलेल्या लेखांचा ढीग मोठा होता. शीर्षकावरूनच निम्म्यांचा अंदाज यायचा. "महिला सक्षमीकरण: एक अभ्यास." "ग्रामीण विकास: एक चिकित्सक अभ्यास." माढ्याचा मित्र म्हणायचा, "चिकित्सक लिहिलं की समजायचं बे, आत चिकित्सा नाही." एक जात अशी की लेख कौटिल्यापासून सुरू होतो, मध्ये ॲरिस्टॉटल येऊन जातो, आणि पाचव्या पानावर आपण सोलापूर जिल्ह्यात पोचतो. आणखी एक खूण म्हणजे "सोलापूर शहराची सध्याची लोकसंख्या ९,५१,५५८ आहे" हे वाक्य. हा २०११ च्या जनगणनेचा आकडा. पुढची जनगणना लांबत लांबत २०२७ वर गेलीय, त्यामुळे दुसरा आकडा कुठून आणणार हे मान्य. पण 'सध्याची' का म्हणायचं? आम्ही त्या शब्दावर इतक्या वेळा लाल रेघ मारली की शेवटी लेखकांसाठीच्या सूचनांत ओळच घातली: २०११ चा आकडा वापरा, पण तो २०११ चा आहे असं लिहा.

"या विषयावर सोलापुरात आजवर अभ्यास झालेला नाही" हे आणखी एक लाडकं वाक्य. शहरातल्या कामगारवस्तीवरच्या एका लेखात ते होतं. अक्कलकोटची मैत्रीण ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकच घेऊन आली. धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेला सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास, १९६५ साली छापलेला. गिरण्या भरात होत्या त्या काळातली माहिती त्यात आहे. लेखकाला कळवलं. त्याने ते वाक्य काढून तिथे गाडगीळांच्या अभ्यासाची दोन पानं चर्चा घातली आणि त्याच्या लेखाचा तोच सगळ्यात बरा भाग ठरला.

छापता न येणाऱ्या लेखांना पत्र लिहिणं हे माझ्याकडे होतं, आणि संपादनातलं खरं अवघड काम कोणतं म्हणाल तर हेच. मराठी मासिकांची 'साभार परत'ची परंपरा मोठी, पण त्या दोन शब्दांत लेखकाच्या हाती काही लागत नाही. माझा पहिला मसुदा असा होता: "आपला लेख नियतकालिकाच्या धोरणात बसत नसल्याने स्वीकारता येत नाही." मॅडमनी तो वाचून परत दिला. "कोणतं धोरण? कुठे बसत नाही? का नाकारतोय ते एका वाक्यात लिही, आणि त्याने पुढे काय करावं ते दुसऱ्या वाक्यात. तिसरं वाक्य लिहू नकोस." मग घडलेलं पत्र असं: "आपल्या लेखात योजनेचे उद्देश सविस्तर आले आहेत, पण ती मोहोळ तालुक्यात कशी राबवली गेली याची माहिती एकाच परिच्छेदात आहे. तो परिच्छेद वाढवून, आपण भेट दिलेल्या गावांचा तपशील देऊन लेख पुन्हा पाठवल्यास आम्ही तो नव्याने वाचू." यातले काही खरोखर परत आले, सुधारून.

एकदा ज्यांनी मला बी.ए.ला शिकवलं त्यांचाच लेख माझ्या टेबलावर आला. मी तो दुसऱ्या दोघांना वाचायला दिला, दोघांनीही नको म्हटलं. पत्र गेलं ते संपादक मंडळाच्या नावाने, पण सरांनी फोन मलाच केला.

"अगं, आता तू मला शिकवणार का?"

"नाही सर. मी तो वाचलाच नाही, दुसऱ्यांनी वाचला."

"मग त्यांना सांग ना, हे कोणाचं लेखन आहे ते."

"सर, तेच तर सांगायचं नसतं."

सर हसले, असं वाटलं. राग आला असेल तर दिसू दिला नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा चकली खायला घातली आणि लेखाचा विषयही काढला नाही, म्हणजे लक्षात होता.

नावं झाकून लेख तपासून घ्यायचे, हा नियम कागदावर सोपा दिसतो. आमच्यासारख्या ठिकाणी तो पाळायला घाम फुटतो. विद्यापीठ एका जिल्ह्याचं. बिडी कामगारांवर लिहिणारे कोण, उजनी धरणावर लिहिणारे कोण, हे सगळ्यांना तोंडपाठ. पहिल्या पानावरचं नाव काढलं तरी आत "माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात मी दाखवून दिल्याप्रमाणे" असतंच. शेवटी सौभाग्यवतींचे आणि प्राचार्यांचे आभार असतात. हे सगळं काढून निर्धास्त झालं की फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं, नाहीतर त्याला टाइप करून देणाऱ्या सायबर कॅफेचं नाव सापडतं. शेवटी आम्ही ठरवलं की शक्य तिथे एक परीक्षक जिल्ह्याबाहेरचा घ्यायचा. त्याने ओळख लपते, पण वेगळेच घोळ होतात, ते पुढे सांगते.

परीक्षकांना मानधन नाही, त्यामुळे आठवण करून देणं हेच आमच्या हातात. "सर, वेळ मिळाला का?" हा मेसेज वेगवेगळ्या सणांच्या शुभेच्छांमध्ये गुंडाळून पाठवण्यात आम्ही तरबेज झालो. आणि महिन्याभराने जो अभिप्राय यायचा तो असा: "लेख दर्जेदार आहे. प्रसिद्ध करण्यास हरकत नसावी." एवढंच. मग आम्ही एका पानाचा तक्ता केला. लेखातला मुख्य दावा कोणता, तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, कोणता तक्ता तुम्हाला पटला नाही, असे प्रश्न. आणि शेवटचा रकाना फक्त शिफारशींसाठी.

या शेवटच्या रकान्यावर आमचा सगळा जीव होता. धोरणावरचा लेख शेवटच्या पानावर येऊन काहीतरी सुचवतो, सुचवायलाच हवं. आणि नेमका तिथे येऊन लेखकाचा हात थकतो. वीस पानं अभ्यास आणि शेवटी: "शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे." "जनजागृती करावी." "अंमलबजावणी प्रभावीपणे व्हावी." आम्ही प्रत्येक शिफारशीच्या समासात तीन प्रश्न लिहायला लागलो. हे कोणी करायचं? त्याला तो अधिकार आहे का? पैसा कोणत्या खात्यातून? सिद्धान्तात आमची पोरं कच्ची होती, हे मी मान्य करते. एखाद्या प्राध्यापकाने कुठली परदेशी चौकट वापरली असेल तर ती बरोबर वापरली का, हे सांगायला आम्हाला परीक्षकच लागायचे. पण जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे मारलेल्या मुलाला "महसूल विभागाने पुढाकार घ्यावा" या वाक्यात काही नाही हे वाचताक्षणी कळतं.

एका लेखात नागरी सुविधांबद्दल शिफारस होती: "महापालिकेच्या स्थायी समितीने ठराव करून स्वतंत्र निधी ठेवावा." ऐकायला नेमकी वाटते. साखर पेठेतला मित्र म्हणाला, "स्थायी समिती आहे कुठे बे?" सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, निवडणूक झालेली नव्हती, कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक नाहीत, मग समिती कुठली? लेखक पुण्यात राहणारे, त्यांच्या मनात महापालिकेचं चित्र पाठ्यपुस्तकातलं. त्यांना कळवल्यावर त्यांनी केवळ नाव बदललं नाही. निर्वाचित सभागृह नसताना असा निधी कोण ठेवू शकतो आणि त्यावर प्रश्न कोण विचारणार, असा नवा परिच्छेदच लिहिला.

बिडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीवरचा लेख शहरातल्या एका महाविद्यालयातून आला होता. मेहनतीने केलेला. शिफारस होती, बिडीवरचा कल्याण उपकर वाढवावा आणि त्यातून शिष्यवृत्तीची रक्कम वाढवावी. तळटीपा तपासणाऱ्या ज्युनिअरने १९७६ चा उपकर कायदा शोधायला घेतला आणि त्याला कळलं की जीएसटी आला तेव्हा, जुलै २०१७ पासून, हा उपकर रद्दच झालाय. पूर्वी बिडीच्या उत्पादनावर गोळा होणारा पैसा त्याच कामगारांच्या दवाखान्या-शिष्यवृत्त्यांना जायचा. आता ती तरतूद केंद्राच्या अर्थसंकल्पातून होते. म्हणजे वाढवायला उपकर शिल्लकच नाही. आम्ही लेखिकेला विचारलं: मग मागणी कोणाकडे आणि कोणत्या तरतुदीतून? लेखाचा शेवट उलटा झाला. रक्कम वाढवा, हे राहिलं. पण मूळ मुद्दा हा झाला की एका उद्योगाचा हक्काचा निधी गेल्यावर त्या कामगारांना दरवर्षी सर्वसाधारण तरतुदीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

याच लेखात मजुरीबद्दल एक तक्ता होता, हजार बिड्यांमागे इतके रुपये, असा. रे नगरची मैत्रीण तो वाचून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे कागदावरचे हजार आहेत." तिचं म्हणणं असं की आई कारखान्यात बिड्या द्यायला जाते तेव्हा त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतात. पान खराब निघालं की तेवढ्या पानांच्या बिड्या कमी भरतात, मग कधी कधी पानं पदरच्या पैशाने आणून हजार पुरे करावे लागतात. म्हणजे हजाराचे पैसे मिळायला हजारापेक्षा जास्त वळाव्या लागतात. हे तक्त्यात कुठेच नव्हतं.

आता संपादकाने काय करायचं? तिला ते स्वतःच लिहून टाकायची इच्छा होती आणि मला ती द्यायची होती. मॅडमना विचारलं नाही, आम्हीच भांडलो. माढ्याचा मित्र अडून बसला: "लेख तिचा नाही. आईचं सांगणं खरं असेल, पण ते या अभ्यासात गोळा केलेलं नाही. तू प्रश्न विचार, उत्तर लेखिकेने शोधायचं." शेवटी तिने समासात दोन ओळी लिहिल्या: "हजार बिड्यांच्या हिशेबात छाट धरली आहे का? पान आणि तंबाखू किती दिली जाते, आणि कमी पडल्यास ती कोण आणतं, हे विचारलं होतं का?" लेखिका पुन्हा त्याच बायकांकडे गेल्या. सुधारित लेखात तक्त्याला एक रकाना वाढला होता. मैत्रिणीने तो वाचला आणि म्हणाली, "आता बरोबर." आभाराच्या ओळीत तिचं नाव टाकू का, असं लेखिकेने विचारलं होतं. परीक्षण करणाऱ्या मंडळाची नावं लेखाखाली नकोत म्हणून तिनेच नको म्हटलं. मला अजूनही वाटतं, टाकायला हवं होतं.

पाण्यावर लेख येणार हे ठरलेलंच. धरण उशाला आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, हा इथल्या प्रत्येकाचा विषय. आलेल्यातला एक लेख वेगळा निघाला. लेखकाने शहरातल्या वेगवेगळ्या भागांतल्या काही घरांना वही दिली होती आणि उन्हाळाभर पाणी कधी आलं, किती वेळ आलं, याची नोंद ठेवायला सांगितली होती. हा लेख तपासायला जिल्ह्याबाहेर गेला आणि तिथून अभिप्राय आला: "धरणात उणे ३० टक्के पाणी असल्याचा उल्लेख आहे. पाणीसाठा उणे कसा असू शकेल? मुद्रणदोष दुरुस्त करावा."

आम्ही हसून घेतलं, पण परीक्षकांचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे "उजनी मायनसमध्ये गेलं" हे पोरगंसुद्धा बोलतं, बाहेरच्याला ते समजावून सांगावं लागतं हेच विसरलं होतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त या उपयुक्त साठ्यावर. तो संपला की शून्य, आणि त्याखालच्या मृतसाठ्यातून पाणी उचलायला लागलं की आकडा उण्यात जातो. म्हणजे उणे ३० टक्के म्हणताना धरणात ४७ टीएमसीच्या वर पाणी असतंच. लेखकाने ही तळटीप घातली. लेखातला तोच भाग विद्यार्थ्यांनी सर्वाधिक फोटो काढून एकमेकांना पाठवला, म्हणजे "मायनस" म्हणणाऱ्या आमच्यातल्याही अनेकांना ते नेमकं ठाऊक नव्हतं.

त्या लेखाची शिफारस मूळची होती: "शहराला नियमित पाणीपुरवठा करावा." आमचे तीन प्रश्न गेले. धरण जलसंपदा विभागाचं. नदीत आवर्तन कधी सोडायचं ते कालवा सल्लागार समितीत ठरतं. उजनी ते सोरेगाव ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी हा आणखी वेगळा कारभार. आणि शहरात कोणत्या पेठेत कोणत्या दिवशी चावी (व्हॉल्व्ह) उघडायची हे महापालिकेचं पाणीपुरवठा खातं ठरवतं. यातलं तुम्ही कोणाला सांगताय? लेखकाचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं: "सार्वजनिक आरोग्य अभियंत्यांनी प्रत्येक भागाचं पाण्याचं वेळापत्रक आठवडाभर आधी जाहीर करावं, आणि ते पाळलं गेलं का याची नोंद दर महिन्याला प्रसिद्ध करावी. यासाठी नवीन जलवाहिनी किंवा नवीन तरतूद लागत नाही." मूळच्यापेक्षा शिफारस लहान झाली, हे खरं. मंडळातल्या एकाला ती फारच लहान वाटली. "एवढ्यासाठी एवढा अभ्यास?" मला उलट वाटलं: एवढा अभ्यास होता म्हणूनच एवढी बारीक मागणी करता आली.

शासन निर्णयांच्या तळटीपा हा एक वेगळाच उद्योग. "शासन निर्णय, २०१७" एवढं लिहून लेखक मोकळे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाला अठरा आकड्यांचा संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. आम्ही तो मागायला लागलो आणि लेखकांची झोप उडाली. एकाने लेखात मार्चमधली तारीख दिली होती, संकेतांक सांगत होता जुलै. शोधल्यावर कळलं, मार्चचा निर्णय वेगळा होता, जुलैच्या निर्णयाने तो अधिक्रमित झालेला. लेखातली टीका सगळी मार्चच्या निर्णयावर, म्हणजे जो चार महिनेच जगला त्याच्यावर. माहिती अधिकारात मिळवलेली उत्तरं काहींनी परिशिष्ट म्हणून जोडली होती. त्यांवर अर्जदाराचा घरचा पत्ता आणि मोबाइल तसाच. तो झाकायचं काम ज्युनिअरांकडे.

चोरीच्या मजकुराबद्दल थोडक्यात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साधर्म्य चालतं. इंग्रजी लेखाला सॉफ्टवेअर बऱ्यापैकी पकडतं, कधी कधी कायद्याचं कलम जसंच्या तसं दिलं तरी पकडतं. मराठी लेखाला मात्र दोन टक्के, तीन टक्के असले गोड आकडे दाखवतं, आणि वाचताना परिच्छेद कुठेतरी वाचल्यासारखा वाटत राहतो. आमचा उपाय साधा: लेखातलं एक चमकदार वाक्य उचलायचं, अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. चमकदारच घ्यायचं, कारण उचललेलं तेच असतं. त्या वर्षी एआयने लिहिलेलेही आले. त्यांची भाषा गुळगुळीत, आणि संदर्भसूचीत अशी पुस्तकं, जी कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत नाहीत. अशा लेखकांना आम्ही एकच विनंती केली, की त्या पुस्तकाच्या त्या पानाचा फोटो पाठवा. पुढे पत्रव्यवहार आपोआप थांबला.

छपाईत उन्हाळा गेला. अर्धे लेख जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये आणले की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, 'कार्य'चं काहीही व्हायचं आणि तक्त्यातल्या आकड्यांच्या जागी कंस उगवायचे. छापखान्यातले मामा, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो, लग्नपत्रिकांच्या हंगामात आमची प्रुफं मध्ये घुसवायचे. आमच्या आयएसएसएनचा शेवटचा आकडा एक्स आहे. तो तपासणीचा आकडा असतो, आधीच्या सात आकड्यांवरून काढतात आणि उत्तर दहा आलं की एक्स लिहितात. मामांना वाटलं, पोरांनी आकडा भरायचा ठेवलाय. "ताई, ही फुलीची जागा भरून द्या की, प्लेट जायचीय." बाहेर पारा बेचाळिसावर, वीज गेलेली, आणि मी त्यांना तपासणीचा आकडा समजावून सांगतेय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फुलीच छापायची. सरळ सांगायचं ना."

अंक गणपतीत आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा त्यांत गेला. आमच्या लेखातल्या तळटीपा तीन महिन्यांत जुन्या झाल्या. धोरणावर लिहिणाऱ्याने याची सवय करून घ्यावी, असं मॅडम म्हणाल्या. लेखिकेला पुढच्या अंकासाठी टिपण लिहायला सांगितलंय.

अंकाच्या प्रती आम्ही शिफारशीत ज्यांचं पद आलं त्या प्रत्येक कार्यालयात नेऊन दिल्या, आवक क्रमांक घेऊन. बहुतेक ठिकाणी तेवढंच झालं. पाणीपुरवठ्याचं काम पाहणाऱ्या एका अभियंत्यांचा मात्र विभागात फोन आला. सूर चढा नव्हता, पण ठाम होता.

"तुमच्या लेखातला तिसरा रकाना बरोबर नाही."

"कशाने, सर?"

"त्यांनी नळाला पाणी आलं ती वेळ घेतलीय. आम्ही चावी उघडली ती वेळ लिहितो. शेवटच्या घरापर्यंत दाब यायला वेळ लागतो की नाही? म्हणून वेळापत्रक पाळलं नाही असं दिसतं."

मला तो मुद्दा बिनतोड वाटला, आणि लेखकाच्या बाजूने त्याचं उत्तरही सुचत होतं: माणूस पाणी चावीवर भरत नाही, नळावर भरतो. पण ते मी बोलले नाही, ते लेखकाचं काम. मी म्हटलं, "सर, हे लिहून द्याल का? पुढच्या अंकात छापू. लेखकाला उत्तर द्यायची संधी देऊ."

"लिहू की. किती शब्द?"

"हजार."

"तक्ता धरून की सोडून?"

"सोडून."